आईच्या ऑपरेशनची तारीख घेतली आहे

मुलुंड, ५ जुलै

तीर्थरूप आई आणि बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला न विचारता मी आईच्या गळ्याच्या ऑपरेशनसाठी २२ जुलैची तारीख घेतली आहे. फोनवर सांगितले असते तर "गणपती होऊन जाऊ देत गं" असे आई म्हणाली असती आणि मीही ऐकले असते, म्हणून लिहिते आहे.

सुमामावशीपासून आपल्या घरात गळ्याची गाठ म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर परळचे कर्करोगाचे हॉस्पिटलच उभे राहते. पण आई, मावशीची गाठ थायरॉइडमध्ये होती. तुझी त्यामागच्या पॅराथायरॉइडमध्ये आहे. तांदळाच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी रक्तातले कॅल्शियम सांभाळतात. त्यातली एक फुगून जास्त हार्मोन सोडते आहे आणि तुझ्या हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते आहे. कर्करोगामुळेही कधीकधी कॅल्शियम वाढते, म्हणूनच डॉक्टरांनी पीटीएच, म्हणजे या ग्रंथींचे हार्मोन, तपासले. इतरत्र कर्करोग असता तर ते सहसा दबलेले आले असते, तुझे १४८, म्हणजे वाढलेले आले. काही घराण्यांत जनुकातल्या दोषामुळे थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग आणि पॅराथायरॉइडच्या गाठी एकत्र चालत येतात, म्हणून मी मावशीचे जुने कागद मागवून डॉक्टरांना दाखवले. तिचा प्रकार पॅपिलरी होता, मेड्युलरी नव्हे. तुझ्यासारख्या गाठींत कर्करोग शंभरात एकीपेक्षाही कमी वेळा निघतो. काढलेली गाठ तपासणीला जाईलच, आणि तो रिपोर्ट मी तुमच्यापासून लपवणार नाही.

दोन वर्षे तू हाडे ठणकतात म्हणत होतीस, मुतखडाही झाला, आणि मी वयाचे आहे म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांचा डबा आणून दिला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेण्याच्या निमित्ताने तू गुडघा दाबत थांबायचीस, ते मी पाहूनही विचारले नाही. आता वाट बघायला माझे मन तयार नाही.

ऑपरेशननंतर महिनाभर तुम्ही दोघे इथेच राहायचे. लिफ्ट आहे, खिडकीजवळचा पलंग आईचा, बाबांचा पेपर सकाळी सहाला दारात येतो, आणि चहाची पूड तुमचीच आणून ठेवली आहे. माझ्या टॉन्सिल्सच्या वेळी तू रात्रभर उशाशी बसून चमच्याचमच्याने मऊ भात भरवला होतास. त्या रात्री तुझ्या पदराचे टोक मी मुठीत धरून झोपले होते. या वेळी मी उशाशी बसणार आहे.

तोपर्यंत बाबा, कॅल्शियमचा तो डबा आजच उचलून ठेवा, डॉक्टरांनी बंद सांगूनही ती घेते आहे. आई, निर्जळी उपास अजिबात नाही, पाणी भरपूर प्यायचे. तुझी नेहमीची थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटीच घ्यायची. पुढे कॅल्शियम सुरू झाले तर त्यात चार तासांचे अंतर हवे. ऑपरेशननंतर ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या तर मध्यरात्रीही मला उठवायचे, कारण तेव्हा कॅल्शियम एकदम उतरू शकते. व्रण गळ्याच्या वळीतच राहील, पुढे फारसा दिसणार नाही.

रविवारी सकाळी मी टॅक्सी घेऊन येते. बॅग मीच भरेन, तुम्ही पोथी आणि चष्मे तेवढे काढून ठेवा.

तुमची,
चिमी