गायक बदलला, पट्टी बदलली का?

महोदय,

बेळगाव-खानापूरकडच्या कॉलेज बँडमध्ये नवा गायक आला की ‘जुन्याची सर नाही’ हा शेरा पहिल्याच गाण्याला बसतो. आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडमधून गायक ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये गेला, ब्लेझ बेली आला. त्याचा आवाज खर्जाकडचा. तरी जुनी गाणी डिकिन्सनच्याच पट्टीत वाजत राहिली. वरचे सूर निसटले, दोष गळ्याला लागला. बेलीच्या काळातलं ‘द क्लॅन्समन’ पुढे डिकिन्सनने गायलं, तेव्हा तेच चाहते खूश! उलट ब्लॅक सॅबथ या दुसऱ्या ब्रिटिश बँडने १९७९ मध्ये गायक रॉनी जेम्स डिओला घेतल्यावर नवी गाणीच त्याच्या गळ्याला बेतली.

नाट्यसंगीतात पेटीवाला आधी पट्टी विचारतो. गिटारवाल्यांना त्यात कमीपणा का वाटावा? सहाही तारा अर्धा स्वर उतरवा. सर्वात बारीक तार ०.००९ इंची असलेला संच त्याने सैल पडून फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या काड्यांवर) खरखरतो, म्हणून ०.०१० चा लावा. तारा ज्यावर टेकतात तो ब्रिज स्प्रिंगवर तरंगणारा असेल तर ताण बदलताच तो कलतो आणि सगळ्याच तारा बेसूर होतात. गिटारच्या मागचे, स्प्रिंगचे स्क्रू फिरवून तो समपातळीत आणा, मग पुन्हा सूर लावा. हे कार्यक्रमाच्या दिवशी करू नये. आणि बेसवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो अर्धा स्वर वर वाजत राहील.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव