वाकवलेल्या एका बोटासाठी, मोठ्या सिस्टरांना

मोठ्या सिस्टर, सप्रेम नमस्कार.

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायचं होतं. पण नेमकं सिझर लागलं आणि मी वॉश घेऊन, म्हणजे हात निर्जंतुक धुऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये, आपल्या ओटीत, उभी राहिले. बाहेर तुम्हाला शाल-श्रीफळ मिळत होतं आणि आत मी रक्त टिपायचे मॉप मोजत होते. शालीपेक्षा तुम्हाला त्याचंच जास्त बरं वाटलं असेल, एवढं तुम्हाला ओळखते. तेव्हा राहिलेलं आता लिहिते, आणि चारचौघांत लिहिते. कारण ज्यांनी ते वाचायला हवं, ते समारंभाला पहिल्या रांगेत बसले होते आणि भाषणं करून चहाला गेले.

ओटीत यायच्या आधी मी वॉर्डातली बाई. नर्सिंगच्या जीएनएम कोर्सच्या तीन वर्षांत ओटीची पोस्टिंग झाली होती, नाही असं नाही. पण विद्यार्थिनी ओटीत काय करते? भिंतीला चिकटून उभी राहते आणि निर्जंतुक कापडाला आपला हात लागू नये एवढंच बघते. पुढे एका मोठ्या रुग्णालयात काम केलं. तिथल्या इनचार्ज बाई कपाटाच्या चाव्या कमरेला लावून फिरायच्या. काही विचारलं की "बघून शिका, आम्हीपण तसंच शिकलो." आणि बघायला जावं तर वाटेत उभी राहू नको म्हणून ओरडा. मग एकदा शहरात प्रशिक्षणाला पाठवलं. बॅनर होता, दीपप्रज्वलन झालं, जेवण फार छान होतं. हत्यारं पडद्यावरच्या फोटोत बघितली. एका आर्टरीला, म्हणजे रक्तवाहिनी पकडायच्या साध्या चिमट्यालासुद्धा, हात न लावता प्रमाणपत्र घेऊन परत आले. त्यानंतर आम्हाला शिकण्यासाठी मोबाइलवर एक ॲप दिलं. ते उघडायला दर वेळी ओटीपी लागायचा. आमच्या वाडीत रेंजच नाही, सड्यावर जावं तेव्हा मेसेज येतो. ओटीपी यायचा, पण त्याची मुदत संपल्यावर.

इथे आले तेव्हा ओटीत तुम्ही आणि दुसरी सिस्टर, ती बाळंतपणाच्या रजेवर निघालेली. पावसाच्या आत मला तयार करायचं होतं. नाही तर काय होतं ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सर्जन आहे, भूलतज्ज्ञ आहे, पण हत्यारं हातात द्यायला ट्रॉलीशी उभं राहणारं कुणी नाही म्हणून पेशंट गाडीत घालून गोव्यात बांबोळीला नाही तर कोल्हापूरला. आणि पावसात घाटात दरड आली की तोही रस्ता बंद.

घाईत शिकवतात म्हणजे पाट्या टाकतात असं मला वाटायचं. तुम्ही घाई केलीत, पण त्या घाईत विचार होता. पहिल्याच दिवशी माझा फोन हातात घेऊन विचारलंत, "घरात रेंज येता काय गो?" नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवसापासून व्हिडिओ मिनिटाच्या आतले. मी रुग्णालयात असेपर्यंत उतरवून घ्यायचे आणि रात्री घरी बघायचे. ते व्हिडिओ समोरून नाही, तुमच्या खांद्यावरून काढलेले असायचे. मावशींना स्टुलावर उभं करून तुम्ही ते काढून घेत होता, हे मला नंतर कळलं. नेटवरचे व्हिडिओ समोरून असतात, त्यात डावं-उजवं उलटं दिसतं आणि रात्री डोक्यात भलतंच बसतं. तुमच्यात पडद्यावरचा हात माझाच वाटायचा. सुई मागच्या टोकापासून एक तृतीयांशावर पकडायची, टोक सर्जनच्या हाताप्रमाणे वळवून द्यायची, ब्लेड हातात न देता किडनी ट्रेमध्ये ठेवायचं; हे सगळं मी जेवल्यावर चिमटा आणि पकड घेऊन करत बसायचे. सासूबाईंना वाटलं, सुनेला काहीतरी झालं.

सकाळचा फोटो तर मी अजून विसरलेले नाही. लावलेल्या ट्रॉलीचा एक फोटो आणि एक हत्यार काढून घेतलेला दुसरा. खाली एकच शब्द: "काय?" मी एसटीच्या थांब्यावर उभी राहून शोधायचे. आज अॅलिस गेला, उद्या बॅबकॉक, एकदा तर हत्यारं सगळी जागेवर आणि मॉप एक कमी. त्या दिवशी उत्तर सापडल्यावर अंगावर काटा आला. एका फोटोत तुम्ही मला सांगून टाकलं होतं की मोजायचं ते कागदावर टिक मारण्यासाठी नाही. सुरू करताना, पोट बंद करायच्या आधी, कातडी शिवायच्या आधी, आणि प्रत्येक वेळी तोंडाने मोठ्याने. फोटोत पेशंटचं बोटसुद्धा कधी आलं नाही. हल्ली लोक काय काय स्टेटसला ठेवतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

ऑपरेशन सुरक्षित व्हावं म्हणून तपासायची जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची १९ मुद्द्यांची यादी तुम्ही हाताने मराठीत लिहून हात धुवायच्या नळाजवळ चिकटवली होती. भूल द्यायच्या आधी, चीर घ्यायच्या आधी आणि पेशंट बाहेर जायच्या आधी. "दिल्लीसकट आठ शहरांतल्या रुग्णालयांत ही वापरून बघितली," तुम्ही सांगितलंत, "२००९ साली निकाल छापून आला. मोठी गुंतागुंत ११ टक्क्यांवरून ७ वर आली, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. आणि आपल्या डॉक्टरांना पेशंटचं नाव मोठ्याने म्हणायचा कंटाळा!" त्यांना कंटाळा असला तरी तुम्ही म्हणायचातच. डॉक्टर सुरी हातात घेऊन थांबायचे.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

बाहेरून सर्जन आले होते. पित्ताशयाची केस, पोट उघडून. माझी ट्रॉलीवरची सुरुवातच होती, तुम्ही फ्लोअरवर, म्हणजे वॉश न घेता बाजूला. त्यांनी हात मागे केला आणि म्हणाले, "मिक्स्टर." आपल्याकडे सगळे त्या काटकोनी टोकाच्या चिमट्याला राइट अँगल म्हणतात, मला ते नाव कळेना. त्यात मास्क, सक्शनचा आवाज, वर खडखडणारा एसी. त्यांचा हात तसाच मागे. ओटीत तसा हात रिकामा राहिला की पुढे काय ऐकावं लागतं ते प्रत्येक सिस्टरला माहीत आहे.

तुम्ही मला हात लावू शकत नव्हता, मी वॉश घेतलेला. नाव मोठ्याने सांगू शकत होता. कुणीही तेच केलं असतं आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. पण मग त्या टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं असतं की नवीन पोरीला येत नाही. तुम्ही दोन पावलं सरकून सर्जनच्या खांद्यामागे, फक्त मला दिसाल अशा उभ्या राहिलात आणि तर्जनी वाकवलीत. काटकोनात. मी हत्यार त्यांच्या तळव्यावर ठेवलं. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. केस संपली तेव्हा जाता जाता म्हणाले, "सिस्टर चांगल्या आहेत तुमच्या." तुम्ही म्हणालात, "हो, आहेतच." बास. नंतर चहा घेताना त्या बोटाबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, मला नाही आणि दुसऱ्या कुणालाही नाही.

सिस्टर, शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण शिकवताना समोरच्याची इज्जत राखणारी माणसं मला फार थोडी भेटली, आणि मी काही कमी ठिकाणी नोकरी केलेली नाही. ज्यांच्याकडे चाव्या असतात त्यांना वाटतं आपली किंमत चावीमुळे आहे. मासळी बाजारात माझी एक आते बसते. नवीन मुलगी टोपली घेऊन आली तर ती आपली बसायची जागा थोडी सरकवते आणि गिऱ्हाइकाला सांगते, तिच्याकडची सुरमई पण बघा. कुणी तिला प्रशिक्षणाला पाठवलं नव्हतं. असा चांगुलपणा पदाने येत नाही आणि परिपत्रकाने तर नाहीच. वरच्या साहेबांनी तुमच्यावरच्या भाषणात "समर्पित सेवा" वगैरे शब्द वापरले. तुमच्या फोनमधल्या त्या व्हिडिओंबद्दल त्यांना विचारलं असतं तर असं काही आहे हे त्यांना सांगता आलं नसतं.

आता नवीन मुलगी आली आहे, देवगडकडची. हुशार आहे, पण बोलताना खाली बघते. मावशी स्टुलावर चढायला अजून तयार आहेत, गुडघा दुखतो म्हणतात पण चढतात. सकाळचा फोटो मीच पाठवते. परवा तिने कोचर गेल्याचं बसमधूनच ओळखलं.

एक काम आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सेट मंजूर झाला म्हणतात. ३० अंशांच्या टेलिस्कोपची केबल कशी धरायची, ट्रोकार, म्हणजे पोटात दुर्बीण घालायच्या नळ्या, कुठल्या क्रमाने लावायचे, यातलं तुम्ही मला काही पाठवलेलं नाही. तुम्ही मुंबईत असताना हे केलंय हे मला ठाऊक आहे. निवृत्तीचं कारण चालणार नाही. रविवारी दुपारी फोन करते, तेव्हा जेवून घ्या, वेळ लागेल.

तुमची,
ओटीतली धाकटी सिस्टर