चौथा जॉय-कॉन मिळाला, बाकीचं खाली लिहितोय

चि. ओम,

तुझा मेसेज वाचला. "बाबा तीनच जॉय-कॉन आलेत, चौथा तिथे राहिलाय का बघा, मिळाला तर कुरिअर करा." बास. पोचलो, खोली बरी आहे, रूममेट कसा आहे, यातलं एक अक्षर नाही, डायरेक्ट गेमचा तो हातातला कंट्रोलर, जॉय-कॉन. तिथल्या तिथे रिप्लाय टाइप करायला घेतला तर तो वाढतच गेला, म्हणून म्हटलं आता पत्रच लिहावं. आईला दाखवलेलं नाही.

मिळाला. टीव्हीखालच्या कप्प्यात नव्हता, तुझ्या बहीणबाईंच्या, मनूच्या जुन्या कंपासपेटीत होता, आत्याने दिलेल्या. मनूने मुद्दाम ठेवलाय हे मला कळलं आणि मला कळलंय हे तिलाही कळलं, पण ती काही बोलली नाही आणि मीपण नाही.

त्या रात्रीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलो होतो. पण आता निघालाच आहे तर. स्निपरक्लिप्स हा काय भांडायचा गेम आहे का रे? चार कागदाची माणसं, डोळे मोठे, पाय काडीसारखे, एकमेकांवर चढायचं आणि जेवढा भाग एकमेकांवर येतो तेवढा कापायचा, मग त्या चौघांनी मिळून ठिपक्यांचा आकार भरून काढायचा. मनू तुझा कोपरा सारखा कापत होती हे खरंय. पण तो गेम तर त्यासाठीच आहे ना, पार्टी मोडमध्ये सगळे तेच करतात, आईने मला कापून कापून नखाएवढा केला होता आणि मी तसाच उड्या मारत होतो. बटण दाबलं की कागद परत अख्खा होतो! तू मात्र "दे इकडे, तुला जमत नाही" म्हणालास, तिच्या हातातला ओढून घेतलास आणि दोन हातात दोन घेऊन खेळायला लागलास. लेव्हल सुटली, मान्य. फार पटकन सुटली. आम्ही तिघं बघत बसलो.

सकाळी गडबडीत निघालास, ती उठली नाही, म्हणजे जागीच होती.

असो. तर मी काय विचारत होतो, चौथा कशाला हवाय तुला? म्हणजे पाठवतोच आहे, प्रश्न तो नाही. एकट्याला एक पुरतो, दोघांना दोन. तीन तर आहेतच तुझ्याकडे. चौथा हवाय म्हणजे तिथे तिघं जण मिळाले का? की नुसता सेट पूर्ण असावा म्हणून? तुझं तसंही असतं, माहितीये मला. लहानपणी जिगसॉ लावायला बसलास की एक तुकडा खिशात घालून ठेवायचास, शेवटचा आपणच लावायचा म्हणून. घरभर शोधायचो आम्ही, नाना तर गादी उचलून बघायचे, आणि तू अगदी शेवटी तोंड दाबून हसत खिशातनं काढायचास. त्यात राग यायचा आणि कौतुकपण वाटायचं, नानांना तर फक्त कौतुकच.

आणि डोकं आहेच तुझं, ते मी नाकारतच नाही. ती पेन्सिल शार्पनरपर्यंत न्यायची लेव्हल आठवते? मी पेन्सिल ढकलत बसलो होतो आणि ती सारखी घसरत होती, तू पाचवीत असशील तेव्हा, तू म्हणालास बाबा थांबा, हलू नका, माझ्या डोक्यात बरोबर खाच पाडलीस आणि पेन्सिल त्यात उभी बसवलीस. ऑफिसमध्ये सांगितलं होतं मी ते, कोणाला काही कळलं नाही पण सांगितलं. त्या गेममध्ये मला आवडतं ते हेच, उत्तर एकच नसतं. बॉल बास्केटमध्ये टाकायला कोणी वाटीसारखा खड्डा करतं तर कोणी दुसऱ्याच्या डोक्यावर उभं राहून नुसतं ढकलतं, आणि दोन्ही बरोबर. मनूची पद्धत वेडीवाकडी असते पण तीही सुटतेच की कधीकधी. तिला तेवढा वेळ द्यावा लागतो. तुझ्याकडे तो नसतो, कारण तुला आधीच दिसलेलं असतं.

आता तिथे प्रोजेक्ट असतील, ग्रुपमध्ये काम असेल, तिथे एखादा हळू असणार, एखादीला उशिरा सुचणार. म्हणून लगेच त्यांच्या हातातलं काढून घ्यायचं नाही, ओम. माणसं पुन्हा येत नाहीत मग. तुला वाटतं काम झालं ना, विषय संपला, पण समोरचा ते लक्षात ठेवतो, नोकरीत तर फार लक्षात ठेवतात आणि मग बढतीच्या वेळी... झालं सुरू माझं. सॉरी. लेक्चर द्यायचं नव्हतं, खरंच.

मला ना बारावीतले ते दिवस डोक्यातून जात नाहीत. क्लासची ती सगळी मुलं यायची बंद झाली, का ते तू सांगितलं नाहीस आणि आम्ही विचारलं तर दार लावायचास. रात्री पाणी प्यायला उठलो की तू टीव्हीचा आवाज बंद करून हाच गेम एकटा खेळत असायचास. एकट्याने खेळताना आधी एकाला न्यायचं, मग बटण दाबून दुसऱ्याकडे जायचं, आणि तोवर पहिला ठेवला तिथे तसाच उभा. मी दारातून बघायचो. दोघांसाठी बनवलेल्या लेव्हली तू एकट्याने सगळ्या संपवल्यास आणि मला कळेना की शाबासकी द्यावी का काय करावं. आईला म्हटलं मुलगा हुशार आहे. ती म्हणाली ते मी विचारलंच नाही.

म्हणून विचारतोय रे किती जण आहात. चौकशी म्हणून नाही. नसेल अजून कोणी तर नसेल, नवीन जागा आहे, वेळ लागतो, त्यातही काही बिघडत नाही.

हां, एक वाचलं ते तुला आवडेल. हा गेम दोन भावांच्या कंपनीचा आहे, ॲडम आणि टॉम व्हियन, इंग्लंडचे. एसएफबी गेम्स नाव. 3 मार्च 2017 ला निन्टेंडोचं स्विच हे कन्सोल बाजारात आलं त्याच दिवशी हापण आला. मला वाटायचं एवढं मोठं कन्सोल येतंय तर बरोबरचे सगळे गेम शेकडो माणसांनी बनवलेले असणार. सख्खे भाऊ एकत्र काम करतात म्हणजे भांडत नसतील असं मी म्हणत नाही, उलट रोज भांडत असतील. मी आणि काका एक दुकान सहा महिने चालवू शकलो नाही, तो वेगळा विषय.

तर कुरिअरचं. मी पॅक करायला घेतला तर मनू म्हणाली, "त्याला हवाय तर त्याने मला फोन करून मागावा." मी मध्ये पडणार नाही. पडलो तर ती माझ्याशीपण बोलणार नाही, आणि सध्या घरात बोलायला तीच आहे, आई ऑडिटमध्ये अडकलीये. फोन रात्री नऊनंतर कर, आधी तिचा क्लास असतो. त्या रात्रीचं काही बोलायलाच पाहिजे असं नाही. गेममधल्या त्या एकमेकांना कापायच्या मॅचमध्ये, डोजोमध्ये, कोण जिंकलं होतं यावरनं सुरू कर, तिचं म्हणणं आहे ती जिंकली होती आणि तू मोजत नव्हतास. मला विचारशील तर ती जिंकली होती.

नानांची तारीख पुढे गेलीये, डॉक्टर म्हणाले घाई नाही, त्यामुळे तू त्यासाठी यायची गरज नाही. बँकेचा फॉर्म मी भरलाय, सही तुझीच लागेल. आणि जागत बसू नकोस. बसलास तरी कोणाबरोबर तरी बस.

बाबा

ता.क. त्या जॉय-कॉनला मनगटाचा पट्टा कोणीतरी उलटा बसवलाय, प्लसच्या बाजूला मायनस, अडकून बसलाय आणि माझ्याच्याने निघत नाहीये. जोर लावू नकोस म्हणे, तुटतो. कसा काढायचा ते मनूला माहितीये पण ती मला सांगत नाहीये, तूच विचार.