आवडता चित्रपट, पण कोणती प्रत?

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील २००० ते २०१० या दशकातल्या आवडत्या चित्रपटांची यादी वाचली. नावांवर वाद घालत नाही, तो कधी मिटणारा नाही. पण यादीत एक रकाना राहून गेला आहे: कोणता चित्रपट कोणत्या प्रतीत पाहावा? या दहा वर्षांत चित्रपट फिल्मवरून संगणकावर आला आणि त्या धांदलीत एकेका चित्रपटाच्या चार-चार तऱ्हेच्या प्रती बाजारात आल्या. दोघे जण एकाच चित्रपटावर तावातावाने भांडतात आणि दोघांनी पाहिलेले मुळात वेगळेच असते, असे या दशकाच्या बाबतीत सहज घडते.

वेष्टनावरच्या ‘४के’ या शिक्क्यापासून सुरुवात करू. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ‘२८ डेज लेटर’ (२००२) जवळजवळ सगळा कॅननच्या एक्सएल-१ या मिनी-डीव्ही (छोट्या व्हिडिओ कॅसेटच्या) कॅमेऱ्यावर घेतलेला आहे. त्या चित्रात उभ्या दिशेने ५७६ रेषा असतात, ४के पडद्याला २१६० लागतात. मधल्या रेषा यंत्र अंदाजाने भरते. त्यातच शेवटचा भाग ३५ मिमी फिल्मवर चित्रित केला असल्यामुळे अखेरीस चित्र एकाएकी निवळते. ती करामत दिग्दर्शकाची आहे, टीव्हीची सेटिंग चाळत बसू नये. एका सलग शॉटमध्ये घेतलेल्या ‘रशियन आर्क’चेही (२००२) तसेच: मूळ चित्रीकरणच १०८० रेषांचे. कॅसेटमध्ये दीड तासाचा शॉट मावत नव्हता, म्हणून तो थेट हार्ड डिस्कवर उतरवला गेला. या दोन्ही चित्रपटांसाठी साधी, १०८० रेषांची ब्लू-रे डिस्क पुरेशी आहे.

फिल्मवर चित्रित झालेल्या चित्रपटांचे गणित जरा गुंतागुंतीचे आहे. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ (२०००) या चित्रपटात सगळी फिल्म स्कॅन करून रंग संगणकावर ठरवले गेले आणि ऐन उन्हाळ्यातली हिरवीगार झाडी वाळक्या गवतासारखी पिवळट करून टाकली. हीच पद्धत पुढे रूढ झाली. मात्र हे काम बहुतेक वेळा २के मध्ये, म्हणजे आडवे २०४८ ठिपके धरून व्हायचे. निगेटिव्ह कितीही तपशीलवार असली तरी अंतिम प्रत तेवढीच. तिची ४के डिस्क म्हणजे बहुधा मोठे केलेले २के. एचडीआरमुळे, म्हणजे उजेड-काळोखाचा पल्ला वाढवणाऱ्या तंत्रामुळे, दिव्यांचा उजेड आणि काळोखातल्या छटा सुधारतात हे खरे, पण तपशील, म्हणजे भिंतीच्या दिसणाऱ्या विटा, वाढत नाहीत. याउलट ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (२००१) हा प्रयोगशाळेच्या जुन्या रासायनिक पद्धतीने पूर्ण झालेला. त्याची मूळ निगेटिव्ह नव्याने ४के मध्ये स्कॅन झाली आणि फरक नजरेत भरतो. तेव्हा वेष्टनावर ‘४के’पेक्षा ‘मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून स्कॅन’ हे शब्द शोधावेत.

रंगांचा घोटाळा याहून मोठा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधल्या पहिल्या चित्रपटाच्या, ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’च्या (२००१), विस्तारित आवृत्तीची २०११ ची ब्लू-रे चित्रभर हिरवट झाक घेऊन आली. बर्फ पाहिले की लगेच कळते, ते पांढरे न दिसता शेवाळलेले दिसते. २०२० च्या ४के प्रतीत रंग पुन्हा नव्याने लावले गेले. ‘स्पिरिटेड अवे’च्या (२००१) पहिल्या जपानी डीव्हीडीवर लालसर झाक होती. हे दोष तरी मान्य होण्यासारखे आहेत. ‘इन द मूड फॉर लव्ह’चे (२०००) दुखणे वेगळे: २०२० मध्ये दिग्दर्शकानेच जातीने लक्ष घालून जीर्णोद्धार केला आणि तांबूस उबेचा तो चित्रपट हिरवट-पिवळट झाला. दिग्दर्शकाला तो अधिकार आहेच. पण ज्या चित्रपटावर लोकांनी वीस वर्षे जीव लावला तो हा नव्हे, आणि यादीत नाव देताना हे सांगायला हवे.

लांबीबद्दल दोन गोष्टी. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेम) चालतो, पॅल या भारत-युरोपातल्या टीव्ही प्रणालीची डीव्हीडी २५ चौकटींनी. त्यामुळे अशा डीव्हीडीवर चित्रपट चार टक्के वेगाने पळतो. ‘फेलोशिप’ची मूळ आवृत्ती १७८ मिनिटांची, पॅल डीव्हीडीवर ती १७१ मिनिटांत संपते. सात मिनिटे कापली, अशी ओरड वाचायला मिळते, पण कापलेले काहीच नसते. आवाज मात्र चढतो: काळी एकमधले गाणे जवळजवळ पांढरी दोनपर्यंत जाते. कान तयार असेल तर ओळखीच्या नटाचा आवाज कोवळा वाटू लागतो, तो यामुळेच. काही डीव्हीडींवर सूर दुरुस्त केलेला असतो, वेग नाही.

खरी कापाकापी कुठे आहे? ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) चित्रपटगृहात १४४ मिनिटांचा होता, दिग्दर्शकाची आवृत्ती तीन तासांच्या वर जाते. राणी सिबिलाच्या मुलाचे सगळे उपकथानकच आधी काढून टाकले होते, त्यामुळे उत्तरार्धातले तिचे वागणे अधांतरी राहते. हा चित्रपट १४४ मिनिटांचा पाहून नावे ठेवू नयेत. उलट ‘डॉनी डार्को’ (२००१) ११३ मिनिटांचाच पाहावा. नंतरची १३३ मिनिटांची आवृत्ती कथेतल्या एका गूढ पुस्तकाची पानेच पडद्यावर आणते आणि कोडे सोडवून हातात देते. ‘दिग्दर्शकाची आवृत्ती’ म्हणजे सरस, हा समज इथे साफ चुकतो.

उपशीर्षकेही तपासून घ्यावीत. ‘लेट द राइट वन इन’ (२००८) या स्वीडिश चित्रपटाच्या पहिल्या अमेरिकी डिस्कवर चित्रपटगृहातली इंग्रजी उपशीर्षके टाकून सोपी, बोथट केलेली घातली होती. ओरड झाल्यावर मूळ उपशीर्षकांची प्रत निघाली. ॲनिमेशनपटांत आणखी एक खोड असते: जपानी संवादांच्या भाषांतराऐवजी इंग्रजी डबिंगचेच शब्द खाली छापतात. ‘स्पिरिटेड अवे’च्या शेवटी परतताना नवे घर, नवी शाळा यांवर बाप-लेकीचे बोलणे आले, तर ते डबिंगमधले समजावे. जपानीत तिथे असा संवाद नाही. तोंडे मिटलेली असताना खाली वाक्य उमटले की उपशीर्षकांचा दुसरा पर्याय निवडावा.

प्रत चांगली मिळाली तरी टीव्ही घात करतोच. चौकटींच्या मधे खोट्या चौकटी भरणारी सोय आधी बंद करावी. सॅमसंगमध्ये तिचे नाव ‘ऑटो मोशन प्लस’ किंवा नव्या संचांत ‘पिक्चर क्लॅरिटी’, एलजीत ‘ट्रूमोशन’, सोनीत ‘मोशनफ्लो’. चालू आहे का हे ओळखायचे असेल तर कोणी कठड्यासमोरून चालत जाताना पाहावे: माणसाच्या कडेला गज विरघळल्यासारखे दिसतात. असे फेरफार बंद ठेवणारा ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावावा. शार्पनेस उपशीर्षकांच्या अक्षरांभोवतीची पांढरी किनार जाईपर्यंत खाली आणावा. ‘नॉइज रिडक्शन’ बंद ठेवावे, कारण ते फिल्मचा कणदारपणा आणि चेहऱ्याची कातडी एकदमच पुसते. काळ्या पट्ट्या नकोत म्हणून चित्र ताणू किंवा कापू नये. २.३९:१ चौकटीचा (रुंदी उंचीच्या २.३९ पट) चित्रपट पूर्ण पडदा भरेल असा मोठा केला, तर दोन्ही कडांचा मिळून चौथा हिस्सा जातो. समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाकच उरते. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे वाटले, तर ५.१ चा, म्हणजे सहा स्पीकरसाठीचा, ध्वनी दोन स्पीकरवर चालू आहे, स्टिरिओ निवडावा.

पुढच्या यादीत प्रत्येक नावाखाली एक ओळ छापावी, एवढीच विनंती. जागा फारशी जाणार नाही. नमुना असा: ‘इन द मूड फॉर लव्ह’, २०००, ९८ मिनिटे, चौकट १.६६:१ (पट्ट्या डाव्या-उजव्या कडेला येतील), २०२० पूर्वीच्या रंगांची ब्लू-रे मिळाल्यास तीच.

आपला,
एक वाचक