कथाकार लिहितो कसा, हेही संमेलनांत कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनांना मी अनेक वर्षे श्रोता म्हणून आणि काही वेळा कथाकथनासाठी जात आलो आहे. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा यांसारख्या गावांनी ही संमेलने ज्या जिव्हाळ्याने जपली आहेत, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. तरीही एका संमेलनातला प्रसंग मला अजून सलतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी बारावीतल्या एका मुलीने व्यासपीठावरील कादंबरीकारांना विचारले, "सर, तुम्ही रोज किती वेळ लिहिता, आणि लिहिलेले किती वेळा खोडता?" कादंबरीकार उत्तर देणार, एवढ्यात सूत्रसंचालकांनी "प्रतिभेला घड्याळ नसते" असे म्हणून टाळ्या घेतल्या आणि पुढचा प्रश्न पुकारला. मुलगी वही मिटून खाली बसली.

माझ्या मते त्या सत्रात विचारला गेलेला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच होता. हरी नारायण आपटे पुण्यातील आनंदाश्रम या संस्थेचे काम सांभाळून १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकात कादंबऱ्यांची प्रकरणे क्रमशः देत होते, आणि साप्ताहिकाचा अंक काही लेखकाच्या स्फूर्तीसाठी थांबत नसतो. इंग्लंडमधील अँथनी ट्रोलप हे टपाल खात्यात नोकरीला होते. ते पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. आपल्या भागाशी नाते असलेल्या प्रकाश नारायण संतांचे उदाहरण तर फार जवळचे आहे. १९३७ साली जन्मलेल्या आणि भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या या लेखकाचा पहिला कथासंग्रह १९९४ साली आला, म्हणजे त्यांच्या कथांचा बालनायक लंपन पुस्तकरूपाने वाचकांना भेटला तेव्हा त्याचा निर्माता पन्नाशी ओलांडून गेलेला होता.

मी स्वतः उद्यमबागेतील एका कारखान्यात हिशेबनीस होतो. पहाटे साडेचार ते सहा हीच माझी लिहिण्याची वेळ. त्यानंतर नळाला पाणी येई आणि घर जागे होई. जाड पुठ्ठ्याच्या वहीत मी उजव्या पानावर लिहितो आणि डावे पान दुरुस्तीसाठी कोरे ठेवतो. प्रसंग संपवून उठायचे नाही, पुढचे वाक्य सुचलेले असतानाच लेखणी ठेवायची, ही सवय मला फार उशिरा लागली. त्याआधी दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसून कितीतरी पहाटा वाया गेल्या. खर्डा झाला की तो मोठ्याने वाचतो. एका कथेत खानापूरकडची शेतमजूर बाई गोव्याला कामाला गेलेल्या मुलाला फोनवर "तू काय करतो आहेस?" असे विचारते, असे मी लिहिले होते. ते ऐकताच भाकरी थापता थापता पत्नी म्हणाली, "ही बाई असं बोलेल होय?" मी तिथे "काय करूलास रे?" असे केले, आणि त्या तीन शब्दांमुळे आजूबाजूचे सारे निवेदन इतके परके वाटू लागले की ते पान चार वेळा नव्याने लिहावे लागले. कानडी शाळेत शिकणारी, घरी अशी मराठी बोलणारी आणि पुस्तकात वेगळीच मराठी वाचणारी मुले आपल्याकडे घरोघरी आहेत. आपली भाषा चुकीची आहे या भीतीने त्यांनी लेखणी खाली ठेवू नये, असे वाटत असेल तर लेखकाचे खोडलेले पान त्यांना दाखवलेच पाहिजे.

म्हणून आयोजकांना माझी कळकळीची विनंती आहे की येत्या हंगामात एखादे भाषण कमी करून एक तास लेखकांच्या हस्तलिखितांसाठी ठेवावा. पाहुण्या कथाकाराने आपल्या एकाच कथेचा पहिला आणि शेवटचा खर्डा सोबत आणावा, मुलांनी ते हातात घेऊन पाहावेत, आणि काय गाळले, का गाळले, हे त्याने पान उघडून सांगावे. ग्रंथालयांनीही परीक्षार्थींसाठी असते तशी एखादी खोली लिहिणाऱ्यांना सकाळी दोन तास उघडून द्यावी, कारण दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या मुलीला बसायला जागाच नसते. माझ्या त्या कथेचे पाचही खर्डे मी जपून ठेवले आहेत. जे गाव बोलावील तिथे ते घेऊन मी स्वखर्चाने येईन.

आपला,
एक कथालेखक,
वडगाव, बेळगाव