साथीच्या काळात देवळाचे कुलूप : कमिटीला पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कमिटी सदस्य,
आपली गृहनिर्माण सोसायटी, टिळकवाडी, बेळगाव

विषय : साथीसंबंधीच्या नव्या नियमाला हरकत

सा. न. वि. वि.

नोटीस बोर्डावरचा मसुदा वाचला. कोणतीही साथ आली की आवारातले विठ्ठल मंदिर 'पुढील सूचना मिळेपर्यंत' बंद, असे त्यात आहे. देऊळ बंद करायला माझी ना नाही, पण 'पुढील सूचना मिळेपर्यंत' हे तीन शब्द काढावेत.

मी जन्मभर नर्सची नोकरी केली आणि भजनी मंडळात टाळही धरते. मार्च 2020 मध्ये कुलूप लागले तेव्हा मी अवाक्षर काढले नाही. लहान खोलीत वीस बायका तासभर मोठ्याने गातात तेव्हा श्वासातून काय पसरते, हे मला ठाऊक आहे. 8 जूनपासून देवळे उघडायला परवानगी मिळाली तीही अटींवर : मास्क, सहा फूट अंतर, मूर्तीला हात नाही, तीर्थप्रसाद नाही, एकत्र गाणे नाही. दर्शन सुरू, भजन बंद. मला ते पटले. आम्ही हरिपाठ फोनवर म्हटला. माउलींचे अश्व आपल्याच जिल्ह्यातल्या अंकलीहून जातात, पण त्या आषाढीला पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. डोळ्यांत पाणी आले, तरी वारकऱ्यांनी मानले.

इथल्या माणसांना श्रद्धा आणि औषध यांत भांडण कधी वाटले नाही. देवीच्या रोगाची लस आपल्या व्हॅक्सिन डेपोत तयार व्हायची. माझी आजी दंडावर ती टोचून घ्यायची आणि घरी येऊन देवीला दहीभाताचा नैवेद्य दाखवायची.

आपले कुलूप मात्र परवानगीनंतरही कित्येक महिने निघाले नाही. त्याच दिवसांत खालच्या हॉलमध्ये वाढदिवस झाले. ए विंगमधल्या एक आजी रोज सकाळी जाळीबाहेरून हात जोडायच्या. त्या थंडीत त्या गेल्या. त्यांना गाभाऱ्यासमोर दोन मिनिटे उभे राहू दिले असते तर कुणाला काय झाले असते? हे मला अजून सलते.

घटनेच्या 25 व्या कलमात धर्मस्वातंत्र्याआधीच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांची अट आहे. म्हणून सरकारने आरोग्यासाठी बंदी घातली तर ती पाळलीच पाहिजे. पण सरकारने उठवलेली बंदी आपण कोणत्या कारणाने चालू ठेवली, ते कमिटीने तेव्हाही सांगितले नाही.

बंदीवर तारीख घाला आणि दर पंधरा दिवसांनी ती पुन्हा तपासा. दर्शन आणि भजन यांचे नियम वेगळे ठेवा. हॉल, जिम, देऊळ, रमजानात गच्चीवर होणारी नमाज, सी विंगमधली रविवारची प्रार्थना, सगळ्यांना एकच माप लावा. त्या रमजानात आपल्या शेजाऱ्यांनीही घरातच नमाज पढली होती, हे विसरू नये.

सर्वसाधारण सभेआधी मसुदा बदलावा. आरोग्याचा भाग लिहून द्यायला मी कधीही येईन.

आपली,
निवृत्त परिचारिका, बी विंग