नेटबॉलला फळी नसते

महोदय,
2010च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत प्राची तेहलान भारताच्या नेटबॉल संघाची कर्णधार होती. तशा मुली जळगाव-धुळ्याकडून हव्या असतील, तर नेटबॉलचा सराव बास्केटबॉलच्या खांबावर भागवू नये. बास्केटबॉलच्या कड्यामागच्या फळीवर चेंडू आपटायची सवय लागली की सुटत नाही, नेटबॉलच्या 3.05 मीटर उंच कड्यामागे फळीच नाही. कडंही अरुंद, जेमतेम 380 मिलिमीटर.

चेंडू हातात 3 सेकंदच ठेवायचा, टप्पे मारत पळायचं नाही. म्हणून धावती मुलगी एका पायावर गचकन थांबते आणि गुडघा जातो. मुरमाच्या मैदानावर पाय घसरतो तो वेगळाच! आधी दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून उतरायला शिकवा, नेम नंतर. आणि कर्णधारपद गोल करणारीलाच कशाला? ऑस्ट्रेलियाला 2015चा विश्वचषक जिंकून देणारी कर्णधार लॉरा गाइट्झ गोलरक्षक होती.

– एक वाचक, अमळनेर